डोक्याची गोळी पोट कायले बिघडवते?

संत्रा_बांधावरून (वरूड तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न आईचा आहे, मी फक्त टाइप करतोय.

आई ६७ वर्षांची. दिवाळीपासून तिचं काहीतरी बिनसलं. कारण म्हणाल तर एक सांगता येत नाही. यंदा संत्र्याच्या आंबिया बहराची फळगळ झाली, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, धाकटी बहीण लांब दिली. पण हे कोणाच्या घरी नाही? पहाटे चारला चूल पेटवणारी बाई सात वाजले तरी डोळे उघडे ठेवून अंथरुणात. नवी तूर घरात आली. ती निवडायला सूप घेऊन ओट्यावर बसते आणि बसूनच राहते. दोन बोटांत एक खडा धरलेला असतो, तो फेकायचा राहून जातो. तासाभरानं मी विहिरीवरून येतो तर बोटांत तोच खडा.

तालुक्याच्या एका डॉक्टरांना दाखवलं. माणूस चांगला, नीट ऐकून घेतलं. म्हणाले, मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडलंय, शुगरवाल्याला इन्सुलिन देतात तशी ही गोळी. एस्सिटालोप्रॅम, आठवडाभर ५ ची, मग १० ची. चौथ्या दिवसापासून आईला मळमळ, दोन-तीनदा संडास. तेव्हा ती म्हणाली, "डोक्याची गोळी हाय म्हन्तेत, मंग पोट कायले बिघडवते थे?" मी बीएस्सी बॉटनी आहे हो, तरी मला उत्तर देता आलं नाही.

त्यात पुण्याच्या भाच्यानं व्हिडिओ पाठवला: २०२२ मध्ये सिद्ध झालं, सेरोटोनिन कमी वगैरे काही नसतं, सगळी बनवाबनवी आहे, मामा आजीची गोळी बंद करा.

आणि तिसरी गंमत. मे २०२० मध्ये आमच्याकडे टोळधाड आली होती, आठवत असेल. मोर्शी, वरूड, पुढे काटोल. लॉकडाऊनचे दिवस, सगळे घरीच, त्यामुळे गाव झाडून बांधावर. मी तेलाचा रिकामा पिपा बडवत होतो. एक टोळ माझ्या हातावर बसला होता. मागच्या पायांचे करवतीसारखे काटे कातडीला टोचत होते, ते अजून आठवतं. त्या वेळी कुठेतरी वाचलं होतं की एकेकटा फिरणारा टोळ झुंडीत शिरतो तो सेरोटोनिनमुळे. म्हणजे टोळात ते वाढलं की धाड, आणि माणसात वाढलं की शांती? हे कसं जमतं?

आज नववा दिवस आहे. गोळी बंद करू का, एवढं तरी सांगा.

---

काउंटरवाली (पुसद)

दादा, शेवटच्या प्रश्नाचं आधी. स्वतःच्या मनानं बंद करू नका. भाचा पुण्यात आहे, आई तुमच्याजवळ आहे.

आता पोटाचं. मी बी. फार्म. आहे, चौदा वर्षं मेडिकल चालवते, आणि आईंचा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा ऐकू येतो. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन पोटात असतं, आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत. आतडं हलवायचं, पाचक रस सोडायचे, वाईट काही खाल्लं तर उलटी काढायची, ही कामं त्याच्यावर चालतात. तुमच्या गोळीला पत्ता लिहिलेला नसतो. ती रक्तातून जशी डोक्यात जाते तशी आतड्यातही जाते, आणि डोक्याच्या आधी आतडं बोंबलतं. बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत बसतं. उपाशीपोटी देऊ नका, भाकर खाल्ल्यावर द्या. मळमळ आवरेनाशी झाली तर डॉक्टरांना फोन करा.

बरं, उलटीची ती छोटी गोळी, ऑन्डान्सेट्रॉन, घरोघरी असते. ती काय करते माहीत आहे? सेरोटोनिनचं एक दार बंद करते. म्हणजे या रसायनाशी तुमची ओळख जुनीच आहे, नाव आता कळलं.

आता मी विचारते. आई गुडघ्यासाठी काय घेतात? ६७ वर्षांची, शेतातली बाई आणि गुडघ्याची गोळी नाही असं मी अजून पाहिलं नाही. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स स्वतः सेरोटोनिन बनवू शकत नाहीत, रक्तातून ओढून साठवतात. ही गोळी नेमकी ती ओढ बंद करते. त्यावर डायक्लोफिनॅकसारखं काही रोज चालू असेल तर जठरातून रक्तस्राव व्हायची भीती वाढते. शौच काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना. दुसरं, ट्रॅमाडॉल. कंबर धरली की लोक शेजाऱ्याची उरलेली गोळी खातात. या गोळीसोबत ते नको, दोन्हींनी मिळून सेरोटोनिन अति होतं: थरथर, घाम, ताप, धडधड, जीवावर बेततं. तिसरं, बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर या वयात रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आई एकदम गोंधळल्यासारखं बोलू लागल्या तर "म्हातारपण आहे" म्हणून सोडू नका.

घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांसमोर ओता. नावं पाठ करायची गरज नाही.

---

निसर्गप्रेमी_७७

सगळा कंपन्यांचा धंदा आहे. केळीत नैसर्गिक सेरोटोनिन भरपूर असतं. रोज दोन केळी आणि सकाळचं ऊन द्या, महिन्यात फरक.

---

मूर्तिजापूरचा_उंदीरवाला

केळीचा निकाल आधी लावतो. केळीत सेरोटोनिन असतं, खरं आहे. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक बारीक गाळणी आहे, तिच्यातून सेरोटोनिन आत जात नाही. मेंदूला ते ट्रिप्टोफॅन नावाच्या, प्रथिनांतल्या एका अमिनो आम्लापासून आतच बनवावं लागतं. ट्रिप्टोफॅन तुरीच्या डाळीत, दुधात, शेंगदाण्यात मिळतं, आणि तेही गाळणीच्या दारात इतर अमिनो आम्लांशी धक्काबुक्की करून आत शिरतं. केळी खा, केळी चांगली असते. उन्हाबद्दल माझी तक्रार नाही.

माझी ओळख: मुंबईत सहा वर्षं उंदरांच्या मेंदूचे काप काढले. आता पोटापाण्याला दुसरंच करतो, पण असा धागा दिसला की हात शिवशिवतात. लांबण लागेल, माफी असावी.

आईंचा प्रश्न इतिहासालाही धरून आहे. हे रसायन पहिल्यांदा सापडलं ते पोटातच. १९३० च्या दशकात इटलीत व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना आतड्याच्या अस्तरात ते मिळालं, त्यांनी नाव ठेवलं एन्टेरामाइन. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज ही मंडळी रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ शोधत होती. त्यांनी गुरांच्या रक्तातून तो वेगळा काढला. सीरममधला (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी), रक्तवाहिनीला ताण देणारा, म्हणून सेरोटोनिन. १९५२ मध्ये कळलं की दोन्ही एकच. मग बेट्टी ट्वॅरॉग, ज्या आधी शिंपल्यांवर काम करत होत्या, त्यांनी १९५३ च्या सुमारास सस्तन प्राण्यांच्या मेंदूत ते दाखवलं. पोट आधी, रक्त मग, मेंदू सगळ्यात शेवटी. आपण मात्र "मेंदूतलं रसायन" म्हणून मोकळे.

मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी फारच थोड्या. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, त्यात या काही लाख. मानेच्या वर, मेंदूच्या देठात, बरोब्बर मधल्या शिवणीवर त्या बसतात; राफे म्हणतात तिला. उंदराच्या कापात रंग चढवला की सूक्ष्मदर्शकाखाली मध्यरेषेवर चिमूटभर ठिपके उजळतात आणि बाकी सगळा अंधार. पण त्यांचे धागे पाहाल तर मेंदूचा कोपरा सोडलेला नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवायचा विसरलो होतो, आणि मी जेवण विसरणारा माणूस नाही.

आता टोळ आणि आई. आमच्याकडे शेताची रात्रीची लाइन, म्हणजे वीज, आली की डीपीजवळचा (ट्रान्सफॉर्मरजवळचा) गडी शेतकऱ्यांना मिस्ड कॉल देतो. तोच गडी सकाळी दुधाची गाडी आली की बायकांना मिस्ड कॉल देतो. फोन कोणी उचलत नाही, त्यात शब्द नसतो. वाजला की एक मोटर सुरू करायला पळतो, दुसरी कॅन घेऊन पळते. सेरोटोनिन तसंच आहे. त्याच्यात ना शांती भरलेली, ना धाड. ज्याला वाजलं त्यानं काय करायचं ते त्याच्या घरचं ठरलेलं. माणसात ही वाजणारी दारं, म्हणजे रिसेप्टर, १४ प्रकारची आहेत. काही पेशीला चेव देतात, काही आवरतात. काउंटरवाली ताईंची उलटीची गोळी त्यातलं एकच दार लावते.

टोळाचं ठरलेलं काय? २००९ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि सिडनीच्या लोकांनी वाळवंटी टोळावर दाखवलं. एकटा टोळ लाजाळू असतो, दुसऱ्याला टाळतो. चारा कमी झाला की नाइलाजानं एकाच झुडपावर गर्दी होते, धक्के लागतात. प्रयोगशाळेत नुसतं त्याच्या मागच्या मांडीला हळूहळू घासत राहिलं तरी दोनेक तासांत तो दुसऱ्या टोळांकडे ओढला जाऊ लागतो. या तासांत त्याच्या छातीतल्या चेतागुच्छांत सेरोटोनिन वाढतं. ते अडवलं तर घासूनही टोळ एकटाच राहतो. नुसतं सेरोटोनिन दिलं तर न घासताही झुंडीला लागतो. दादा, तुमच्या हाताला टोचणारा तोच मागचा पाय. अर्थात तुमच्याकडे आले तोवर त्यांचा झुंडीचा निर्णय कधीच होऊन गेलेला होता, तेव्हा पिपा बडवणं बरोबरच होतं.

आता भाच्याचा व्हिडिओ. अर्धा खरा आहे.

"सेरोटोनिन कमी म्हणून उदासी" ही कल्पना आली कुठून? तिच्यात आपल्या सर्पगंधेचा हात आहे. १९३१ मध्ये कलकत्त्यात सेन आणि बोस यांनी तिच्या मुळीचा उपयोग बीपी आणि वेडाच्या आजारात लिहून ठेवला, १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी बीपीवरचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला, मग जग जागं झालं. १९५२ मध्ये मुळीतून रेसरपिन निघालं. ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाले, अशा नोंदी आल्या. १९५५ मध्ये कळलं की रेसरपिननं प्राण्यांच्या शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. उलट बाजूनं, क्षयाचं एक औषध घेणारे रुग्ण वॉर्डात नाचू लागले, ते औषध सेरोटोनिनसारख्या रसायनांची मोडतोड थांबवणारं निघालं. दोन आणि दोन चार झाले. १९८७ अखेर अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला, म्हणजे आईंच्या गोळीच्याच जातीच्या औषधाला, मंजुरी मिळाली आणि "कमतरता" हा शब्द जाहिरातीत जाऊन बसला, कारण तो सांगायला सोपा.

२०२२ मध्ये ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला: उदास माणसांत सेरोटोनिन कमी असतं याला सलग पुरावा नाही. त्यावर वादही झाला, पण "कमतरता" हा शब्द संशोधकांनी त्याआधीच बराच सैल सोडला होता. इन्सुलिनची उपमा मला तेव्हाही पटत नव्हती. साखर बोटाला टोचून मोजता येते. जिवंत माणसाच्या मेंदूतलं सेरोटोनिन मोजायची दवाखान्यातली तपासणी नाही. आईंचं कोणी मोजलेलं नाही. डॉक्टरांवर राग धरू नका, समोर वीस पेशंट असताना हेच वाक्य तोंडात येतं.

पण या आढाव्यानं गोळी लागू पडते की नाही हे तपासलंच नव्हतं. तो वेगळा हिशेब. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांवर रुग्णांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा उदासीवरची २१ च्या २१ औषधं, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली. खूप नाही, सरासरीनं माफकच; कोणाला भरपूर, कोणाला शून्य. संत्र्याचं पान पिवळं पडलं की कृषी केंद्रवाला पुडी देतो आणि कधी झाड हिरवं होतं. म्हणून तीच पुडी झाडात कमी होती असं तुम्ही धरत नाही; मुळाशी पाणी साचलेलं असेल, डिंक्या रोग असेल. आणि कारण वेगळं निघालं म्हणून हिरवं झालेलं झाड परत पिवळं करायला पुडी उपटून काढत नाही.

उशीर का लागतो, हे प्रत्येक घरात विचारलं जातं. सेरोटोनिन वाजून झालं की पेशी ते परत ओढून घेते. गोळी ती ओढणारी नळी पहिल्याच दिवशी बुजवते. मग सुधारणा दोन ते चार आठवड्यांनी का? टाकीतला फ्लोट आठवा. निचरा बंद, टाकी भरली, फ्लोट वर आला, मोटर बंद. राफेच्या पेशींवर असेच फ्लोट असतात. बाहेर सेरोटोनिन वाढलं की त्या स्वतःच गप्प बसतात. सुरुवातीचे दिवस गोळी आणि फ्लोट यांच्या भांडणात जातात. रोज तेच झालं की फ्लोट ढिला पडतो आणि मोटर पुन्हा चालू राहते. हे एक स्पष्टीकरण झालं. २०२१ मध्ये फिनलंडच्या गटानं दाखवलं की ही औषधं चेतापेशींची वाढ जपणाऱ्या एका वेगळ्याच रिसेप्टरला थेट चिकटतात. २०१९ मध्ये मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटानं उंदरांच्या पेशींत दाखवलं की सेरोटोनिन एका ठरावीक दारातून पेशीतली ऊर्जाघरं, मायटोकाँड्रिया, वाढवतं. सूप हातात धरून बसलेल्या बाईचा अंगातला जोर कुठे जातो, याचं उत्तर कदाचित त्या बाजूला असेल. हे माझं मत, पेपरमध्ये असं लिहिलेलं नाही.

आणि गोळीसोबत बोलणंही लागतं. तुमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत "विश्राम" नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. उदासी असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षानं २७.२ टक्के. २०१७ च्या लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात आलंय. तिथे कोणी सेरोटोनिनचं नाव घेऊन दार वाजवलं नसणार.

---

वेचणीवाली (घाटंजी)

भाऊ मी शिकलेली कमी हाय, पोरगी लिहून देते. मले बी अशीच गोळी होती, सात महिने खाल्ली, बरं वाटलं. मंग कापसाची वेचणी लागली. गोळ्या आनाले जिल्ह्याले जा, एक दिवस मोडते, मजुरी बुडते. मीनं म्हटलं आता बरी हाय, कायले पायजे. एका दिवसात सोडली.

तिसऱ्या दिवशी वेचता वेचता मान वळवली का डोक्यात वीज चमकल्यावानी व्हाये. झटका. दुखे नाही, पन चमके. चक्कर, रडू, रातभर भलतेच सपन. ओटीत कापूस घेऊन धुऱ्यावर बसून गेली. बाया म्हने भूत लागलं, एकीनं लिंबू बी ओवाळला. आशाताईनं इचारलं, गोळी कवा सोडली? तिले कसं समजलं देव जाने. डॉक्टरनं परत सुरू केली न मंग दोन महिने लावून थोडी थोडी कमी केली. काईच झालं नाही. तुमच्या मायले सांगा, सोडाची असंन तं हळू सोडा. आन् रातच्याले लय जड वाटलं तं १४४१६ हा सरकारी नंबर हाय, मराठीत बोलतेत, पैसे लागत नाही.

---

संत्रा_बांधावरून (वरूड तालुका)

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, संत्र्याला पाणी सोडून झाडांचा ताण तोडायचे दिवस आहेत आणि लाइन रात्री दोनची.

घाटंजीच्या ताईंचं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. लिंबू ओवाळल्याच्या ठिकाणी हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा, म्हणून लिहितोय. मिस्ड कॉलचं तिला लगेच समजलं, फ्लोटचं मला समजलं.

गोळी चालू आहे, आज बारावा दिवस. पोट पुष्कळ बसलं. भाच्याला सांगितलं, तो म्हणतो मामा तुम्ही विकले गेलात. मी दोनदा तिला विचारलं, बरं वाटते का आता, तर म्हणते, "आंबियाले पानी सोडलं का दुसऱ्या दिवशी फूल पायतं का तू?" तूर काल अर्धी निवडून झाली. गोळीनं की माझ्या बडबडीनं, मला सांगता येत नाही.

---

काउंटरवाली (पुसद)

ते सगळं छान. गुडघ्याच्या गोळीचं काय? मी विचारलं होतं.

---

संत्रा_बांधावरून (वरूड तालुका)

ताई, देव्हाऱ्यामागच्या डब्यात सापडली. डायक्लोफिनॅक, अडीच पट्ट्या. रोज एक, शेजारच्या काकूंनी दिलेली. पिशवीत घातलीय, मंगळवारी तालुक्याला जातोय.

---

काउंटरवाली (पुसद)

मंगळवार नाही. उद्या सकाळी आधी फोन करा डॉक्टरांना.